करवंटीचं पाणी, भुशाचं पाणी

घरी पाहुणा आला की लोक विचारतात, चहा घेणार की कॉफी. हे गृहस्थ विचारायचे, "आंघोळ कसल्या पाण्यानं करणार? करवंटीच्या की भुशाच्या?"

कोकणातून बोटीनं आलेला, अंग आंबलेला पाहुणा त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा. पाणी तर चाळीच्या नळाचंच. मग हे त्याला समोर बसवून समजावायचे. करवंटीचं पाणी झटकन तापतं, पण अंगात टिकत नाही. भुशाचं उशिरा तापतं, पण दुपारपर्यंत पाठ गरम ठेवतं. चिंचोक्यांचं पाणी सर्दीला बरं. आणि आंब्याच्या कोयींचं पाणी शत्रूलाही देऊ नये, धुरानं डोळे जातात. हे सगळं इतक्या गंभीरपणे चालायचं की पाहुणा शेवटी हळूच म्हणायचा, "भुशाचं चालेल."

चाळीत त्यांना बंबवाले म्हणत. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. त्यांना आवडलं नसतं, आणि माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

आता बंब म्हटलं की आग विझवणारी लाल गाडी डोळ्यांपुढे येते. आमच्या वेळी बंब म्हणजे आंघोळीच्या पाण्याचा, तांब्याचा, पोटाशी फुगलेला. मधोमध एक नळी, तिच्यात वरून जळण टाकायचं. नळीभोवती पाणी, खाली जाळी, जाळीखाली राख, बाजूला तोटी. परळ-लालबागच्या चाळींत सगळ्यांकडे तो नसे. ज्याच्याकडे असे त्याचं घर खाऊनपिऊन सुखी समजायचं. बंबवाल्यांनी तीस वर्षं गिरणीचा बॉयलर पेटवला होता. नोकरी संपली तेव्हा हातांना करमेना. मग तो अजस्र बॉयलर त्यांनी मनानंच आपल्या घरच्या बंबात आणून बसवला.

तळमजल्यावरची शेवटची खोली त्यांची. मागे जिन्याखाली चार हात जागा होती, तिथे बंब. मागच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं असायचं: करवंटी, इतकी मिनिटं. गिरणीतून मोडीत निघालेली लाकडी बॉबिनं, इतकी मिनिटं. उसाची चिपाडं, मिनिटांच्या जागी नुसती फुली. नारळाच्या सोडणापुढे 'उगाच' असा शेरा.

वस्तू कोणतीही असो, तिच्याकडे बघून त्यांच्या मनात एकच प्रश्न यायचा: ही जळेल कशी? एकदा चाळीत बारसं होतं. मुलीचा बाप हौशी, त्यानं नवा कोरा पाळणा आणला होता. सगळे बाळाला बघत होते. बंबवाले पाळण्याला टिचकी मारून म्हणाले, "शिसवी आहे. दोन बंब सहज तापतील." त्या घरानं पुढं वर्षभर त्यांच्याशी अबोला धरला. ह्यांना तो का धरला हे शेवटपर्यंत कळलं नाही. "मी पाळण्याची स्तुतीच केली होती," असं ते मला म्हणाले.

त्यांच्या बायकोला सगळे काकी म्हणत. काकी मालवणकडची, बोलायला फटकळ. रोज सकाळी नवऱ्याला बंबाशी वाकलेलं बघून ती गॅलरीतल्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "ह्यांचा लगीन बंबाशीच लावूक होया होता. माझ्याशी कित्याक लावला?"

"बंब उलट बोलत नाही," हे आतून उत्तर यायचं.

"बोलतलो कसो? तोंडात सदा कायतरी कोंबलेलाच आसता!"

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. रोज कुठेतरी सभा, रोज भिंतीवर नवी घोषणा. बंबवाले सभांना जात, पण भाषणापेक्षा त्यांचं लक्ष पत्रकांवर. आपल्या बाजूची पत्रकं ते घडी घालून पेटीत ठेवत. मुंबई महाराष्ट्राला देऊ नये असं म्हणणाऱ्यांची मात्र शोधून शोधून गोळा करत आणि सकाळी त्या पत्रकांवरच बंब पेटवत. "कागद जाड, छपाई भरपूर," ते म्हणायचे. "ह्या लोकांचं एवढंच एक चांगलं आहे."

आता मी कुठून आलो ते सांगतो. मी शिवडीला लाकडं वाहणारा हमाल होतो. गलबतातून उतरलेले ओंडके खांद्यावरून गोदीबाहेर काढायचे. सहा वर्षं खांदा सोलून घेतला आणि लालबागेत एका गल्लीच्या तोंडाशी स्वतःची जळाऊ लाकडाची वखार टाकली. मला शिकवायला कोणी आलं नव्हतं. भाव कसा पाडायचा, गिऱ्हाईक उठून चाललं की त्याला कितव्या पावलावर हाक मारायची, हे सगळं मी उभ्यानं शिकलो. आणि आणखी एक गोष्ट शिकलो, ती आज लिहायला हरकत नाही. सकाळी वखार उघडायच्या आधी लाकडावर दोन बादल्या पाणी मारायचं. लाकूड वजनावर विकतात. सगळेच मारायचे. समोरचा जुना वखारवाला तर तीन बादल्या मारायचा.

वखार टाकून महिना झाला नव्हता तेव्हा हे गृहस्थ आले. एक फाटा उचलला. दुसरा उचलला. दोन्ही कानाजवळ धरून एकमेकांवर आपटले. मग वास घेतला. आणि मग, माझ्यासमोर चार गिऱ्हाइकं उभी असताना, फाट्याचं कापलेलं तोंड जिभेनं चाटलं.

"खारट," ते म्हणाले. "समुद्रातून ओलं आलंय, आणि त्यावर आज सकाळचं नळाचं पाणी आहे. अरे वखारवाल्या, पाणी विकायचं तर घागर घेऊन बस. तागडी कशाला मांडलीस?"

गिऱ्हाइकं हसली. त्यातली दोन समोरच्या वखारीत गेली, तीन बादल्यावाल्याकडे! माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या हातातले फाटे हिसकावून घेतले आणि तोंडाला येईल ते बोललो. ते शांतपणे जीभ रुमालाला पुसत निघून गेले.

त्यांची चाळ म्हणजे ऐंशी खोल्या. तिथे एक पद्धत होती. दिवाळीचं जळण चाळ एकत्र घ्यायची, एकाच वखारीकडून. नरकचतुर्दशीला उजाडायच्या आत घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी व्हायला हव्यात, त्यामुळे जळण कमी पडून चालायचं नाही. ज्याला दिवाळीची ऑर्डर मिळाली, त्याच्याकडे चाळ वर्षभर जायची. ती ऑर्डर मला मिळाली तर माझी वखार उभी राहणार होती. नाही मिळाली तर पुन्हा शिवडी, पुन्हा खांदा. बायकोला मी तसं स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

मी चाळीच्या चिटणिसांना भेटलो. हे चिटणीस गिरणीच्या हापिसात कारकून, बोलणं पुणेरी वळणाचं. भावात मी समोरच्या वखारवाल्याला सहज खाली पाडलं. बोलणी पक्की होणार, तोच बंबवाल्यांनी घोषणा केली की यंदा चाळीनं लाकूड घ्यायचंच कारण नाही. त्यांनी गोळे बनवले होते. कोळशाच्या वखारीतली भुकटी, सुताराकडचा भुसा, तबेल्यातलं शेण, आणि चिकटायला चिंचोक्याची खळ. सगळं फुकट नाहीतर फुकटासारखं. मळून, वळून, गच्चीवर वाळवलेले काळे गोळे. शेराला शेर जाळले तर लाकडाला भारी पडतील, असं त्यांचं म्हणणं.

मी चाळीच्या चौकात उभा राहून ओरडलो, "शेणाच्या गोळ्यावर दिवाळी करणार? मग होऊन जाऊ दे! माझं लाकूड आणि ह्यांचे गोळे!"

चिटणीस खूष झाले. त्यांनी पुढचा रविवार ठरवला आणि लगेच नियम केले. दोन सारखे बंब. कोणता कोणाला हे चिठ्ठी टाकून. दोन्हींत सारखं पाणी, दोघांना पाच-पाच शेर जळण. ज्याच्या तोटीचं पाणी आधी न्हाण्याजोगं तापेल, त्याच्याकडून चाळ जळण घेणार. पाणी तापलं की नाही हे ठरवणार काकी. तोटीखाली हात धरायचा आणि पाच मोजायच्या आत काढावा लागला की पाणी झालं.

"त्यांचीच बायको पंच?" मी विचारलं.

"तिच्याइतकं त्या गोळ्यांच्या विरुद्ध चाळीत कोणी नाही," चिटणीस म्हणाले. ते खरंच होतं. काकीच्या पलंगाखाली, फडताळात, तांदळाच्या डब्यामागे, सगळीकडे गोळे होते.

मी घरी आलो आणि मग माझ्या लक्षात आलं. माझं लाकूड तर ओलं. आठवड्यात ते वाळणार कसं? मग मला गोदीकडचा दारूखाना आठवला. तिथे जुनी गलबतं, जहाजं मोडतात. पन्नास पन्नास वर्षांचं सागवान, हाडासारखं सुकलेलं, वरून डांबर मुरलेलं. मी जाऊन पाच शेर निवडून आणलं आणि त्याच्या अशा ढलप्या फोडल्या की कोणालाही साधं लाकूड वाटावं.

रविवारी सकाळी जिन्याखालच्या सावलीत दोन बंब मांडले. अख्खी चाळ कठड्यांवर. चिटणिसांनी घड्याळ बघून हात खाली केला. बंबवाल्यांनी गोळे एकेक करून नळीत सोडले, लहान मुलाला भरवावं तसे. मी ढलप्या ओतल्या. डांबरानं पेट घेतला तो भडकाच. धूर काळाकुट्ट निघाला, पण त्याकडे बघतंय कोण? बंब गुरगुरायला लागला.

बंबवाले आपला बंब सोडून माझ्या बंबापाशी आले. डोळे बारीक करून नळीच्या तोंडातून आत बघितलं. मीही बघितलं. पिवळ्या ज्योतीच्या कडेला हिरवी ज्योत नाचत होती. मोरपिसासारखी हिरवी. साध्या लाकडाची ज्योत अशी कधी नसते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, आटोपलं. आता हा माणूस तोंड उघडणार, आणि मी उद्या शिवडीला.

ते मात्र सरळ जाऊन आपल्या गोळ्यांपाशी बसले.

थोड्याच वेळात काकीनं माझ्या तोटीखाली हात धरला. "एक, दोन, तीन... आई गे! झाला, झाला! वखारवाल्याचा झाला!" तिकडे गोळ्यांचं पाणी अजून कोमट होतं. चाळीनं टाळ्या पिटल्या. ऑर्डर मला मिळाली.

दुपारी ते वखारीत आले. मी हमालाला चहाला पिटाळलं.

"ज्योत हिरवी होती," ते म्हणाले.

"तुम्हाला तसं दिसलं असेल."

"जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकतात. त्याचा गंज लाकडात मुरतो. ते जळताना हिरवं दिसतं. बॉयलरवर तीस वर्षं ज्योतच बघत होतो मी."

मी विचार केला, हा भाव करायला आलाय. भाव करायला आलेल्या माणसाची मला भीती वाटत नाही. मी खालून सुरुवात केली.

"महिन्याला अर्धा मण ढलप्या तुमच्या घरी. फुकट."

त्यांनी एक फाटा उचलून कानाजवळ धरला.

"एक मण."

ते माझ्या लाकडाच्या थप्पीकडे बघत होते.

"दोन मण, आणि पोचवणं माझ्याकडे. ह्याच्या वर एक काडी नाही, सांगून ठेवतो!"

"चाळीला कोरडं लाकूड दे," ते म्हणाले. "आणि जहाजाचं नको. त्या धुरानं डोळे जातील, बंबही खराब होतील. साधं बाभळीचं, पण कोरडं."

"देतो. आणखी?"

"आणखी काही नाही."

"आणि नाही दिलं तर?"

ते वळले. "ज्योत हिरवी होती, एवढंच मी म्हणालो," असं म्हणून चालायला लागले. मी पाच पावलं मोजली, सात मोजली, हाक मारली. "अहो, तुमचं काय? तुम्हाला काय पाहिजे?" ते थांबले नाहीत. असलं गिऱ्हाईक मी त्याआधी पाहिलं नव्हतं. धमकी दिली असती तर मी दुप्पट दिली असती. पण त्यांनी धमकीसुद्धा दिली नाही.

पुढे पाच दिवाळ्या मी त्या चाळीला कोरडं लाकूड दिलं. पहिल्या वर्षी तर ते तोटा सोसून बाहेरून आणावं लागलं. ते किती अवघड असतं हे ज्यानं केलं नाही त्याला कळायचं नाही. पावसाच्या आधी माल घ्यायचा, विटांवर आडवाउभा रचायचा, वर पत्रे, बाजूनं वारा मोकळा. शेजारी ओलं लाकूड विकून वजनावर मजा मारत होते आणि मी सुकलेलं, हलकं लाकूड विकत होतो. प्रत्येक बादली आवरताना मी त्या माणसाला शिव्या दिल्या. पुढे कोरड्या लाकडाचा म्हणून माझं नाव झालं, परळपासून गिऱ्हाइकं यायला लागली, शेजारचा गाळा मी घेतला, हे सगळं खरं. पण ते मला स्वतःहून सुचलं नव्हतं, ह्याची चीड होतीच.

आणि दुसरी गोष्ट. चाळीनं त्यांचे गोळे चेष्टेवारी नेले. पोरं त्या गोळ्यांनी क्रिकेट खेळायची. कोणाचं काही बिनसलं की म्हणायचे, "गोळा झाला." चिटणीस तर दर सभेत एकदा तरी म्हणायचे, "हा प्रस्ताव बंबवाल्यांच्या गोळ्यासारखा आहे. वळला छान आहे, पण तापत नाही." सगळे हसायचे. बंबवाले खडूनं भिंतीवर काहीतरी लिहीत बसलेले असायचे. एका वाक्यात त्यांना सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती. ते वाक्य माझ्याकडेही होतं.

एकदा हरताळ आणि संचारबंदीत शिवडीहून लाकूड येणं आठवडाभर बंद झालं. माझी वखार झाडून साफ. वरच्या मजल्यावर एक बाळंतीण होती, तिला आणि बाळाला रोज शेकायचं, न्हाऊ घालायचं. बंबवाल्यांनी पलंगाखालचे गोळे काढले आणि तिच्या घरी नेऊन स्वतः बंब लावून दिला. रोज, आठही दिवस. आठव्या दिवशी चिटणीस मला म्हणाले, "गोळे सावकाश का होईना, पण चालले. तरी त्या दिवशी आपलं लाकूडच खरं ठरलं, नाही का?"

मी "हो" म्हटलं. वखारीत परत आल्यावर हमालाला उगाचच दोन शिव्या घातल्या.

मग महाराष्ट्र राज्य झालं. त्या दिवशी लालबागेत पाय ठेवायला जागा नव्हती. चाळीच्या चौकात पताका, पेढे, गुलाल. मी पेढ्यांची टोपली घेऊन गेलो होतो. चिटणीस भाषणाला उभे राहिले, सगळ्यांचे आभार मानता मानता गोळ्यांवर आले आणि पुन्हा तोच विनोद. लोक हसले. बंबवाले नवा सदरा घालून खुर्चीत बसले होते, तेही थोडं हसले. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी टोपली खाली ठेवली, बाकावर चढलो आणि ओरडलो, "गप्प बसा सगळे! ती पैज मी लबाडीनं जिंकली होती! लाकूड माझ्या वखारीतलं नव्हतं!"

नेमकं त्याच क्षणी लेझीम सुरू झालं. ढोल, ताशे, दोनशे माणसं. माझं वाक्य कोणालाही ऐकू गेलं नाही. माझ्या पायाशी खुर्चीत बसलेले बंबवाले आणि त्यांच्यामागे उभी काकी, एवढी दोनच माणसं माझ्याकडे बघत होती.

"खाली उतर," ते म्हणाले. "पडशील."

"उतरत नाही! सगळ्यांना कळू दे! काका, तुमचा गोळा हरला नव्हता."

"हरला होता."

"जहाजाच्या सागवानापुढे!"

"तुझ्या साध्या बाभळीपुढेही हरला. त्याच महिन्यात मी घरी पुन्हा करून पाहिलं. काकीनं तुझ्याकडून आणलेलं कोरडं लाकूड पाच शेर, गोळे पाच शेर. चार मिनिटांनी हरला. माझा भुसा जास्त झाला होता."

मी बाकावरून उतरलो. मला नीट ऐकू येईना, का नीट समजेना, कोण जाणे. "म्हणजे साध्या लाकडानंही मी जिंकलोच असतो?"

"कोरडं असतं तर."

"आणि हे तुम्हाला पाच वर्षं माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत? मी इथे पाच वर्षं... तुम्हाला काय माहीत मी कसा..."

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर चाळीला पाच वर्षं कोरडं लाकूड मिळालं असतं?"

आयुष्यभर मी माणसांशी भाव केले. समोरच्याला काय पाहिजे हे ओळखायचं आणि त्याला ते कमीत कमी द्यायचं, एवढाच माझा धंदा. इथे पाच वर्षं भाव चालू होता आणि मला पत्ताच नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"आता सांगितलंत ना?" मी त्यांच्या तोंडासमोर बोट नाचवत ओरडलो. "मग झालं तर! उद्यापासून ओलं घालतो! चार बादल्या मारतो! बघाच तुम्ही!"

"घाल की," ते म्हणाले. त्यांनी टोपलीतला एक पेढा उचलून तोंडात टाकला आणि तो सावकाश संपवला. "ह्या बायकांनी पाच वर्षं कोरडं जाळलंय. त्यांना ओलं देऊन बघ."

मी कठड्यांकडे पाहिलं. ऐंशी खोल्यांच्या बायका ओळीनं उभ्या. एकेकीचा आवाज मला पाठ होता.

काकीनं माझ्या हातात एक पेढा कोंबला. "खा रे. असा तोंड कित्याक करतंस? माका चाळीस वर्सां असाच गुंडाळल्यानी."